माझ्या भारंभार गूळ

७ जुलै, सोमवार. सकाळी.

ही डायरी बँकेने जानेवारीत फुकट दिलेली. कोरीच पडून होती. आजपासून ही वजनाची वही. घरखर्चाची वेगळी आहे, तिच्यात हे घालायचे नाही.

कारण लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी देवीसमोर हात जोडून आंगवण केली होती: गौरेशला पर्मनंट नोकरी लागू दे, माझ्या भारंभार गूळ तुला घालीन. शुक्रवारी वास्कोहून गौरेशचा फोन आला. बंदरात जहाजांची कामे बघणाऱ्या ऑफिसात पर्मनंट केले. देवीने शब्द पाळला. आता माझी पाळी.

काल एकादशीचे देवळात गेले आणि भटजींच्या वहीत तुळाभाराची तारीख घातली. २६ सप्टेंबर, नवरात्रातला शुक्रवार. भटजींनी विचारले, वजन किती धरू? मी म्हटले, साठ. तर मागे सुविधा खोकली. सुविधा म्हणजे माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहते. स्वतः चवळीची शेंग. देवळात कोणी असे खोकते का?

तिथून तशीच आरोग्य केंद्रात जाऊन काट्यावर उभी राहिले. ७१.४. सरकारी काटा.

ह्यांना सांगितले तर हे म्हणाले, मग सत्तर लिहून ये. मी म्हटले, देवळाच्या वहीत लिहिलेले खोडायचे नसते. वजन खोडता येते.

अकरा किलो चारशे ग्रॅम. आठवडे साडेअकरा. आठवड्याला एक किलो. मॅट्रिकला मला गणितात अठ्ठावन्न मार्क होते. ह्यांना बेचाळीस.

९ जुलै, बुधवार

डिचोलीला डायेटवाल्या बाईकडे जाऊन आले. बाई कसली, चोवीस वर्षांची पोरगी. केसांना लाल रंग. पहिल्यांदा रागच आला. पण मग म्हणाली, काकी, आवडते ते बंद करू नका. बंद केले तर माणूस चोरून खातो. मोजून खा, आठवडाभर थोडे थोडे वाचवा आणि एक दिवस मनासारखे जेवा.

म्हणजे काटकसर! मग आधी नाही का सांगायचे? तीस वर्षे मी दुसरे काय करते आहे?

रोजच्या चौदाशे कॅलरी दिल्या. त्या एका जेवणाला ती 'चीट मील' म्हणते. चीट म्हणजे फसवणूक. मी देवभीरू बाई आहे, कोणाची फसवणूक करीत नाही. मी त्याला सवलतीचे जेवण म्हणणार.

दोन रकाने आखले. जमा आणि नावे. खाल्ले नाही ते जमा, खाल्ले ते नावे.

१२ जुलै, शनिवार

गूळ आला. साखळीच्या बाजारातून ह्यांनी टेम्पोने आणला. दहा किलोची एक, अशा सहा ढेपा. देवघराच्या शेजारच्या खोलीत फळीवर गोणपाट घालून रांगेत ठेवल्या. देवीचा माल. आत्ताच आणलेला बरा, पुढे चवथीला भाव वाढतो.

सुविधा खिडकीतून बघत होती. म्हणाली, इतलोच? वयनी, आठ ढेपो जाय गे.

आठ लागतील म्हणे! कोणी विचारले होते तिला? खिडकीला पडदा शिवणार.

जमा: रात्रीची भाकरी खाल्ली नाही. (रागाने.)

१५ जुलै, मंगळवार

पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची घंटा वाजली. पोय घेतली. पोय कोंड्याची असते, आणि कोंडा डायेटला चांगला, हे त्या पोरीच्या कागदावर छापलेले आहे. एका पोयीत कोंडा तो किती? म्हणून तीन घेतल्या. बरोबर कालचे उरलेले चवळीचे तोंडाक होते. टाकायचे का? मी अन्न टाकत नाही. टाकण्यातले खाल्ले ते नावे मांडायचे नाही असे ठरवले. ते घराचे वाचले.

हे बघत होते. खाण बंद झाल्यापासून ह्यांना दिवसभर माझ्या ताटाकडे बघण्यापलीकडे काम नाही. सुपरवायझर होते ना.

२० जुलै, रविवार

गौरेश आला. आधी सुविधाकडे चहा प्यायला, मग घरी. लहानपणीची सवय. मला टायफॉइड झाला होता तेव्हा सात महिने तिच्याकडे होता, तेव्हापासून त्या घरात त्याचा पाट वेगळा ठेवलेला असतो. ठेवू दे. पण नोकरीची आंगवण मी केली, तिने नाही.

माझ्यासाठी वजनाचे मशीन आणले. काचेचे. त्याच्यावर उभे राहायला भीती वाटते. ७१.९.

पण मशीन कुठे ठेवले त्यावर पण असते. मी सगळीकडे ठेवून बघितले. ओसरीवर ७१.९. चुलीपाशी ७२. न्हाणीच्या दारात जी फरशी हलते तिच्यावर ७०.३. म्हणजे आजपर्यंत सगळीकडे चुकीचे येत होते. हलती फरशी कायम केली. शिवाय मंगळसूत्र काढता येत नाही, त्याचे अर्धा किलो वजा.

गौरेश हसून हसून खाली बसला. हे म्हणाले, घरात अर्ध्या किलोचे सोने आहे हे मला कळले असते तर मी खाणीवर कशाला गेलो असतो?

बापलेक एक झाले की मला घरात कोण नाही.

आजचे वजन: ६९.८.

२४ जुलै, गुरुवार. अमावस्या.

उद्यापासून श्रावण. महिनाभर शिवराक. म्हणजे महिन्याची मासळी आपोआप जमा झाली. तीस दिवस, दिवसाला धरा दोनशे, एकूण सहा हजार. त्यातले थोडे आज आगाऊ उचलले.

सुक्या सुंगटांचे किस्मूर. खारा बांगडा भाजून. नदीच्या कुर्ल्या मिळाल्या, त्यांची शाकुती. भात दोनदा.

तिसऱ्यांदा थोडा, कारण रस उरला होता आणि उद्या तो घरात चालणार नव्हता. श्रावणात मासळीची कढई घरात ठेवू का मी?

हे म्हणाले, सहा हजारांतले किती उरले? मी म्हटले, बँकेत आगाऊ उचलले म्हणून खाते बंद होते का?

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. उपास. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी तुपातली, दोन केळी तळून, वरीचे तांदूळ, ताक. जेवण नाही.

जमा: एक पूर्ण जेवण.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

सकाळी देवघराच्या खोलीत गेले तर सहाव्या ढेपेवर मुंग्या. लाल. रांगच्या रांग.

एवढा राग आला. सगळे घर सोडून देवीच्या गुळावर? मुंग्यांनी उष्टावलेला गूळ देवीला घालू? मी मॅट्रिक झाले असले तरी धर्म सोडलेला नाही. ती ढेप उचलून स्वयंपाकघरात नेली. देवीचा माल अजून पन्नास आहे आणि माझे वजन खाली येतेच आहे, तेव्हा चालून जाईल.

आणि पंचमीला पातोळ्या करायच्याच असतात. गूळ नसता तर बाजारातून आणावा लागला असता. हळदीच्या पानांचा वास पार सुविधाच्या घरी गेला असणार, कारण ती आलीच. चार खाल्ल्या. तिला काही होत नाही, देवाने तिच्या पोटाला तळ दिलेला नाही. फळीकडे बघून म्हणाली, एक ढेप खंय गेली गे? मी म्हटले, मुंग्या. ती म्हणाली, बऱ्या मुंग्यो, धा किलो व्हरपी.

म्हणजे दहा किलो उचलून नेणाऱ्या मुंग्या! तोंड बघा तिचे.

मी नऊ खाल्ल्या. आठ. एक मोडलेली होती.

३१ जुलै, गुरुवार

अनंत, म्हणजे सुविधाचा नवरा, स्कूटरवर पुढे काहीतरी जड घेऊन आला. गोणपाटात. मी विचारले काय रे, तर म्हणतो, काय ना वयनी. आणि दार लावून घेतले. भिंतीला भिंत लागून राहायचे आणि गोणपाटात काय ते सांगायचे नाही. आम्ही काय खाणार आहोत?

४ ऑगस्ट, सोमवार

चालायला सुरुवात केली. सर्वणच्या रस्त्याने पाऊण तास. पाऊस होता. तिठ्यावर आडोशाला उभी राहिले ते नेमके हॉटेलचे दार निघाले. आत गरम मिरची भजी. उपास असल्यामुळे खाल्ली नाहीत.

बांधून घेतली. ह्यांच्यासाठी.

५ ऑगस्ट, मंगळवार. पहाटे.

ह्यांनी रात्री खाल्ली नाहीत. माणसासाठी पावसात भिजून आणायचे आणि माणूस म्हणतो पोट भरले. उपास बारानंतर सुटलेलाच होता. थंड भज्यांत कॅलरी कमी असाव्यात.

१० ऑगस्ट, रविवार

काल नारळी पुनव. पाचव्या ढेपेला पाझर फुटला. पावसाळी हवा. गोणपाटाला काळा पाक आला, फळीला चिकटला. रडणारा गूळ देवीसमोर मांडू?

नारळीभात केला. उरलेल्याचे मणगणे. उरलेल्याचे गोड पोळे. गूळ एकदा फुटला की तो थांबत नाही.

गौरेश आला होता. दोनदा घेतले मणगणे. म्हणाला, आई, देवीच्या गुळाचे ना हे? मी म्हटले, अजून देवीला घातलेला नाही, तोपर्यंत दुकानाचा. म्हणाला, आई, पर्मनंट केले तरी ऑफिसात सहा महिने प्रोबेशन आहे, आंगवण नीट होऊ दे. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

एवढे सांगितले, एवढे सांगितले की नीटच होणार आहे. वजन साठ, गूळ... गूळ मी बघते. पोरगा आईवर विश्वास ठेवत नाही. हे सगळे पलीकडच्या घरातले शिक्षण.

वजन (हलती फरशी, मंगळसूत्र वजा): ७०.९. मणगण्याचे असेल. उद्या उतरते.

११ ऑगस्ट, सोमवार

उतरले नाही. मशीनचा सेल गेला असावा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नवा सेल घातला. ७१.२. सेलावर खर्च केला तो फुकट.

पुन्हा अनंत. पुन्हा गोणपाट. ह्या खेपेला विचारलेसुद्धा नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

विचार केला, देवीलाच विचारावे. तीन वर्षांपूर्वी आंगवण केली तेव्हा मी साठच होते. असावे. तर आंगवण केल्या दिवशीचे वजन धरावे की आजचे? देवळात जाऊन कौल लावला. भटजींनी देवीच्या अंगाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, आई, ही बाई जेव्हा बोलली तेव्हाचे वजन धरायचे असेल तर उजवा दे.

मी डोळे मिटून नाव घेत होते. दहा मिनिटे. डावी पडली.

वर पंखा चालू होता. मी भटजींना तसे सांगितले. ते म्हणाले, चाळीस वर्षे पंख्याखालीच कौल लावतो. मी म्हटले, म्हणून गावाची ही दशा. हे त्यांना आवडले नाही.

उपास होता. येताना डोके दुखत होते म्हणून पायस.

२१ ऑगस्ट, गुरुवार

डायेटवाली पोरगी. तिच्या मशीनवर ७४.१. मी तिला माझ्या फरशीचे सांगितले. तिने पेन खाली ठेवले. मग म्हणाली, काकी, तुमची वही दाखवा. दाखवली. बराच वेळ वाचली. खाली मान घालून खांदे हलत होते. मग म्हणाली, काकी, जमा बाजूला तुमच्याकडे अठ्ठावीस हजार कॅलरी शिल्लक आहेत.

मी म्हटले, तेच तर म्हणते मी! एवढी शिल्लक असून वजन वाढते म्हणजे तुमच्याच कोष्टकात चूक असणार.

म्हणाली, शरीर शिल्लक पुढे ओढत नाही, काकी.

मग वाचवायचे कशाला? लोकांना वाचवायला सांगायचे आणि परत द्यायची वेळ आली की हात वर करायचे. पुन्हा जाणार नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

चवथीचे फराळ. चौथी ढेप फोडली. मुंग्या नव्हत्या, पाझर नव्हता. पण गणपती देवीचा मुलगा. आईचा गूळ मुलाला घातला तर आई रागावेल का? मी पण आईच आहे.

नेवऱ्या एकशेचाळीस. एक तुटलेली, दोन जळलेल्या, तीन ज्यांची कड नीट मुडपली गेली नाही. अशा गणपतीला चालत नाहीत.

२७ ऑगस्ट, बुधवार

चवथ. मोजायला वेळ नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

वेळ नाही. प्रसाद मोजायचा नसतो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

खतखते उत्तम झाले.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी.

पाच दिवसांचे गणपती गेले. घर रिकामे झाले. फुगडी घालायला उभी राहिले होते, सुविधाबरोबर. तिसऱ्या फेरीला माझाच श्वास संपला. ती म्हणाली, बस वयनी, दम खा. मी म्हटले, मला दम नाही लागला, साडी अडकली.

सगळ्या बायकांनी ऐकले. तिने पाणी आणून दिले ते मी प्यायले नाही. नंतर आत जाऊन दोन तांबे.

१ सप्टेंबर, सोमवार

हलती फरशी, मंगळसूत्र वजा, आंघोळीआधी, उपाशीपोटी, श्वास सोडून: ७३.६.

फरशी पक्की बसलेली दिसते. ह्यांनी सिमेंट घातले. मला न विचारता. म्हणे, पाय मुरगळेल कोणाचा तरी. घरात इतकी मोडकी कामे आहेत, तीन वर्षे गळणारा नळ आहे, आणि ह्या माणसाला नेमकी ती फरशी दिसली!

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष. आज सासऱ्यांचे. ते माझ्या हातच्या वड्यांचे भुकेले होते. वडे, खीर, अळूची भाजी, डाळीचे तोय. कावळा लवकर शिवला नाही. हे म्हणाले, तो पण डायेटवर असेल.

मी हसले नाही. पितरांचे पान उरले ते घरच्याच माणसाने खायचे असते. हे म्हणाले, माझे पोट बरे नाही. मग उरले कोण?

१७ सप्टेंबर, बुधवार

भटजींचा निरोप. शुक्रवारी अकरा वाजता तुळाभार. लाकडी तराजू धुऊन, दोऱ्या नव्या बांधून ठेवणार. गूळ गुरुवारीच आणून ठेवा. गावाला कळवले आहे.

गावाला कशाला कळवले? माझा तुळाभार, त्यांचे काय काम?

आत जाऊन ढेपा मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या. तीन.

मी: ७४.८. गूळ: तीस.

काही वेळ फळीवर बसले. फळी करकरली तर तिचाही राग आला.

ह्यांना सांगितले. मला वाटले, आता बोलणार. बोलले नाहीत. इतकेच म्हणाले, अगे, बाजारातून आणखी गूळ घेऊया, त्यात काय?

त्यात काय! आणखी गूळ आणायचा म्हणजे त्याच बाजारातून, त्याच टेम्पोने, सुविधाच्या खिडकीसमोरून. म्हणजे आठ ढेपा लागतात हे कबूल करायचे. जुलैपासून मी जे काही केले ते सगळे... नाही. नऊ दिवस आहेत. तीसवर जाणे शक्य नाही हे मला पण कळते, मी वेडी नाही. पण साठवर आले तर उरलेल्या तीन ढेपा गुपचूप आणता येतील. नऊ दिवसांत पंधरा किलो. दिवसाला पावणेदोन.

आजपासून फक्त पाणी.

१७ सप्टेंबर. दुपारी.

पाणी आणि लिंबू.

१७ सप्टेंबर. चार वाजता.

लिंबाला थोडा गूळ लागतो, नाहीतर आम्लपित्त होते.

२१ सप्टेंबर, रविवार

गौरेश आला. मला बघून म्हणाला, आई, तू बरी नाहीस काय? मी म्हटले, बरी आहे, तू ऑफिस बघ. तर थेट आत गेला आणि फळी बघून आला. आईला कोणी काही बोलत नाही हल्ली, सगळे नुसते बघतात. मग म्हणाला, तीन महिने तरी धड जाऊ देत, मागच्या आठवड्यात एकाला घरी पाठवले. देवळात भार अपुरा पडला तर लोक काय म्हणतात ते मला नको ऐकायला.

आणि चहा प्यायला पलीकडे गेला. दोन तास.

मी इथे ओसरीवर एकटी. तिकडे हसण्याचा आवाज. काय एवढे हसण्यासारखे आहे माझ्या पोराच्या नोकरीत?

२३ सप्टेंबर, मंगळवार

नवरात्राचे उपास. खरे उपास. साबुदाणा नाही, केळी नाही. काल सकाळपासून दोन वेळा ताक. जिना चढताना डोळ्यांसमोर काळे आले.

वजन: ७४.६.

दोनशे ग्रॅम! दोन दिवस उपाशी राहून दोनशे ग्रॅम! एक नेवरी खाल्ली तर जास्त चढते. देवी, तुझ्यासमोर खोटे बोलत नाही, मला तुझाच राग आला.

मग दिव्यात तेल घातले. क्षमा मागितली. रताळे खाल्ले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांना आज साखळीला पाठवले. काळोख पडल्यावर येतील असे. जितका मिळेल तितका आणा म्हटले. अकरा किलो घेऊन आले. नवरात्रात उठाव होता, दुकानात तेवढाच उरलेला. चुरा होता, ढेप नाही. शेवटची ढेप कोणीतरी आठवडाभर आधीच उचलून नेली म्हणे.

कोण हा उपटसुंभ?

तीस आणि अकरा. एक्केचाळीस. देवळात पोचवले. भटजींनी गूळ बघितला, मला बघितले, आणि मग वहीत बघितले. साठ.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.

सगळे क्रमाने लिहिते.

सभामंडपात तराजू टांगला होता. एका पारड्यात मी मांडी घालून बसले. गाव जमलेले. गौरेश खांबाला टेकून उभा, पांढराफटक. भटजींनी पहिली ढेप ठेवली. दुसरी. तिसरी. मग चुऱ्याची पिशवी. माझे पारडे जमिनीवरून हलले नाही. केसभर नाही. मागे कोणीतरी म्हणाले, दोरी अडकली काय बघा. दोरी अडकली नव्हती.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते, मला रागावता आले असते.

मी मान खाली घालून होते. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज, आणि सुविधाचा आवाज. वाट दी रे, वाट दी. पुढे ती, मागे अनंत आणि रिक्षावाला, प्रत्येकाच्या खांद्यावर गोणपाट.

पाच ढेपा.

मला म्हणाली, काय गे वयनी, काटो मोडलो?

भटजी म्हणाले, हा गूळ दुसऱ्या चुलीचा, आंगवण हिची. सुविधा म्हणाली, भटजी, सात महिने हाच पोर माझ्या चुलीवर वाढला, तेव्हा कोणी विचारले नाही चूल कोणाची. मग भटजींनी कौल लावला. मीच म्हटले पंखा बंद करा. पंखा बंद केला. सगळे घामाघूम. पाच मिनिटांत उजवी पडली.

पंख्याचे काही नव्हते, ते मी इथे लिहून ठेवते.

भटजींनी चुरा उतरवला, देवीला चुरा चालत नाही, ढेपेचाच गूळ लागतो म्हणाले. तिच्या ढेपा चढू लागल्या. चार, पाच, सहा, सात. सातव्याला माझे पारडे थरथरले. आठवी ठेवली तर मी वर गेले, पाय लटकले. ती उतरवून फोडली, अर्धी ठेवली. पारडी बरोबर झाली. लोकांनी देवीच्या नावाने गजर केला. गौरेशने डोळे पुसले आणि आधी कोणाच्या पाया पडला ते लिहीत नाही. दुसऱ्यांदा माझ्या पडला.

साडेसात ढेपा. पंचाहत्तर.

उतरल्यावर मी तिला विचारले, पाच कशा? म्हणाली, तू सहा हाडल्यो त्याच दिसा आपण दोन हाडून ठेवल्यो. मग तुझी एक गेली की आपली एक. मुंग्यांची एक, पाझराची एक, चवथीची एक. आठ जाय म्हळ्ळेले मगे तुका.

पहिल्याच दिवशी दोन आणून ठेवून अकरा आठवडे ती त्या खिडकीतून माझ्या ढेपा मोजत होती. आणि मी पडद्याला कापड बघत होते.

एक मात्र आहे. तिने ऐंशीची तयारी ठेवली होती. लागले पंचाहत्तर. म्हणजे पाच किलो कमीच भरले. डायेटाचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. हे ह्यांना सांगितले. ह्यांनी चष्मा काढून पुसला.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून कोणावर तरी रागवायचे म्हणून घरभर फिरते आहे. सापडत नाही. काटा खरा होता. ती लाल केसांची पोरगी खरी होती. ह्यांनी नळ पण दुरुस्त केला. सुविधावर तर आता जन्मभर रागावता येणार नाही. हे नुकसान कुठल्या रकान्यात मांडू?

उरलेली अर्धी ढेप तिने जाताना आमच्याच ओट्यावर ठेवली. म्हणाली, नेवऱ्यो कर.

आता बघितले तर तिच्यावर मुंग्या. लाल. रांगच्या रांग.

पदराने झटकल्या. दोनदा झटकल्या, सगळ्या गेल्या. गुळाला काही झालेले नव्हते.

ढेप उचलून पलीकडे देऊन आले.